एका डोक्याची अठ्ठेचाळीस टोपडी

सात जून, रविवार, संध्याकाळी साडेपाच. जमा एक हजार ऐंशी रुपये. हजर तिघी: मी, शेजारच्या वहिनी, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सिस्टर, ज्या दोन वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या. प्रत्येकीचे तीनशे साठ. त्या पैशांत महाडच्या बाजारातून लोकरीचे बारा गुंडे आणले, शंभर ग्रॅमचा एक, नव्वद रुपयांना. पांढरे पाच, पिवळे चार, पोपटी तीन. निळा आणि गुलाबी आणायचा नाही, असं सिस्टरांनी बजावलं होतं. मुलगा की मुलगी ते पाहून टोपडं निवडत बसायला वॉर्डात कुणाला वेळ नसतो, असं त्या म्हणाल्या.

कल्पना त्यांचीच होती. पोलादपूरच्या दवाखान्यात डोंगरातल्या वाड्यांवरून बायका बाळंतपणाला येतात. पोरं दोन-सव्वादोन किलोची असतात, आणि पावसाळ्यात एवढ्याशा जिवाच्या अंगातली ऊब आधी डोक्यावाटे जाते. आपण तिघी संध्याकाळी ओट्यावर बसून नुसत्या गप्पा मारतो, त्याऐवजी हातात सुई घेतली तर काय बिघडतं, असं त्यांनी विचारलं. बिघडत काहीच नव्हतं. मी शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे, साडेपाचला घरी येते. मुलगा नोकरीला बंगळुरूला, नवरा शिफ्टमध्ये.

क्रोशाचं टोपडं सोपं असतं. मधल्या गोलापासून सुरुवात करायची, टाके वाढवत जायचं, माथ्याएवढी चकती झाली की वाढ थांबवायची. मग कड आपोआप खाली वळते. बावीस ग्रॅम लोकरीत एक होतं. त्या हिशेबाने बाराशे ग्रॅमची चोपन्न व्हायला हवी होती. झाली अठ्ठेचाळीस, कारण वहिनींचा हात सैल आहे. त्यांची एकोणीस, माझी सतरा, सिस्टरांची बारा. जुलै संपेपर्यंत सगळी धुऊन, वाळवून, घड्या घालून तयार होती.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी आम्ही एसटीने पोलादपूरला गेलो. सिस्टरांनी डॉक्टरांना आधी विचारून ठेवलं होतं. त्या दिवशी वॉर्डात पाच बाळंतिणी होत्या. पहिल्या खाटेवर सून झोपली होती आणि पोर सासूच्या मांडीवर होतं, जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेलं. मी पिवळं टोपडं पुढे केलं. म्हातारीने ते घेतलं, आतून-बाहेरून पाहिलं, बोटाने ताणून बघितलं.

"ब्येस हाय. कुणाच्या पोराचं?"

"कुणाचंच नाही, आजी. नवं आहे. अजून कुणाच्याही डोक्याला लागलेलं नाही."

मला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल. तिने टोपडं दोन बोटांत धरून माझ्या पिशवीत परत सोडलं.

"नवं नको गो बाय. बारसं व्हायचं हाय अजून."

वहिनी पुढे सरसावल्या. "अगो, नवं कसलं? माझ्या नातवाचं हाय ते. धुतलं म्हणून नवं दिसतंय."

"यांचा नातू यंदा बारावीला आहे," मी म्हणाले.

पाचही खाटा हसल्या. ज्या बाईला टाके होते ती पोट धरून हसली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण त्यांचा कान लाल झालेला मला दिसला.

म्हातारी मात्र मला समजावायला लागली. "रागावू नको. नवं कापड आधी अंगाला लागलं तर पोराला मानवत नाय. एकाद्या धडधाकट पोराच्या डोक्यावरनं उतरवून आण. मग एक काय, दोन घेते."

बाकीच्या खाटांवरही तेच उत्तर मिळालं. बाहेर येऊन आम्ही स्टँडवर चहा घेतला. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस टोपड्यांची पिशवी माझ्या मांडीवर होती.

"तुम्ही तीस वर्षं बाळंतपणं केलीत," मी सिस्टरांना म्हटलं, "तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं की. आणि तुमची बाळंतपणं काय विलायतेत झाली?"

आम्ही तिघींनी आपापली पोरं जुन्या धोतराच्या आणि लुगड्याच्या तुकड्यांतच वाढवली होती. दोन महिने टाके मोजताना ते एकीलाही आठवलं नाही. दुसऱ्याला द्यायचं ते नवंच द्यावं, एवढंच डोक्यात बसलं होतं.

"खोटं बोलायला तुमचं काय जात होतं?" वहिनी म्हणाल्या. "लोकर आहे ती, कोर्टातलं प्रतिज्ञापत्र नाही. आता घरी जाऊन बाहुलीच्या डोक्यावर घाला सगळी."

"घालते. आणि कुणाचं हाय विचारलं की बाहुलीचं नाव तुम्ही सांगा."

शेवटी ठरलं की खरंच एखाद्या पोराला घालायची. पण नुकत्याच जन्मलेल्या पोराच्या मापाचं टोपडं दोन-तीन महिन्यांच्या पोराला बसत नाही. पोर फार तर महिन्याचं हवं, अंगाने बरं हवं, आणि आईने एका बैठकीत अठ्ठेचाळीस वेळा डोक्याला हात लावू द्यायला हवा.

"तुमच्या भावाकडे आहे की," सिस्टर म्हणाल्या. "पंचवीस दिवस झाले असतील."

"सव्वीस," मी म्हणाले.

दोघींनाही सगळं ठाऊक होतं.

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. कुडपणच्या वाटेवर आमचं गाव आहे, तिथे त्याची शेती. त्याला एकच मुलगा. अडीच वर्षांपूर्वी त्या मुलाच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलीचे वडील घरी आले होते आणि भावाने मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, घरात दुसरं शिकलेलं माणूस नाही म्हणून. मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलगा कंपनीत कायम आहे ना? भाऊ म्हणाला, कायम. मी शेजारीच बसले होते. मी म्हणाले, कंत्राटी आहे, अकरा महिन्यांचा करार असतो. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या आणि पाहुणे उठले. तीन महिन्यांनी तेच लग्न झालं, त्याच मुलीशी. मला पत्रिका आली नाही.

मी चुकीचं सांगितलं नव्हतं. आजही विचारलं तरी तेच सांगेन. पण तेव्हापासून माझं माहेर बंद झालं. आई-वडील आधीच गेलेले, भावजयही, त्यामुळे माहेर म्हणजे तो एकटाच होता. गौरीला कुणी न्यायला आलं नाही. भाऊबीजेला मी ताट करून ठेवलं आणि रात्री निरांजन काढून ताट फडताळात ठेवलं.

पोर झाल्याचं मला भाच्याच्या मोबाइलवरून कळलं. त्याने स्टेटसला एक तळपाय ठेवला होता, अंगठ्याएवढा. सुनेला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच होतं. भावाला मुलगी नाही, म्हणजे पोराला सख्खी आत्या नाही, आणि आमच्यात बारशाला कानात नाव सांगायला आत्या लागते, पोराची नसेल तर बापाची. ती नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. बाराव्या दिवसाच्या आदल्या दिवशी मी रजेचा अर्ज लिहून खणात ठेवला होता, तारीख घालून, सही करून. फोन आला नाही. बारशाच्या दिवशी संध्याकाळी मी तो अर्ज फाडला. पोराचं नाव काय ठेवलं तेही मला माहीत नव्हतं.

तेव्हा सिस्टर बोलल्या त्या क्षणी मी मनातून एसटीत बसले होते. महाडात महिन्याच्या आतलं दुसरं पोर शोधलं असतं तर मिळालं असतं. मी शोधलं नाही.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, एकटीच गेले. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे जीप. लावणी चालू होती. सगळा गाव शेतात असणार हे मला ठाऊक होतं, आणि त्याचा आधारही वाटत होता. घराचं दार उघडं होतं. सून ओटीवर पोराला शेक देऊन उठत होती. मी तिला त्या पोह्यांच्या दिवशीही पाहिली नव्हती. त्या दिवशी फक्त तिचे वडील आले होते.

मी चपला काढल्या नाहीत. पायरीवर उभी राहून म्हटलं, "मी तुझ्या नवऱ्याची आत्या. महाडची."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "खरं बोललेल्या त्या?"

"हो."

"या. पाय धुवा आधी."

मी पाय धुतले. तिने पाट दिला, पाणी दिलं, आणि समोर बसून म्हणाली, "माझ्या बापाने तीन महिने नाय म्हणून सांगितलं होतं. ते तीन महिने माझे कसे गेले, ते तुम्हाला नाय कळायचं."

"नाही कळायचं," मी म्हटलं. "पण विचारलं म्हणून सांगितलं."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं? मामंजींना विचारलं होतं."

हे खरं होतं. अडीच वर्षांत मला एकदाही सुचलं नव्हतं. प्रश्न मला नव्हताच. तीच म्हणाली, "जाऊ द्या. अजून कंत्राटीच हायत. मला आधी ठाऊक होतं म्हणून निदान फसवलं असं नाय वाटत." मग पिशवीकडे बोट दाखवलं. "काय आणलंय?"

मी सगळी हकीकत सांगितली. वहिनींचा बारावीतला नातू ऐकून ती इतकी हसली की पोर दचकलं. मग तिने त्याला उचललं आणि काही न बोलता माझ्या मांडीवर ठेवलं.

चार किलोच्या आसपास असेल. टाळूवर तेल होतं, कपाळाला काजळाचा टिळा. एका बाजूला झोपून डोक्याचा एक भाग किंचित चपटा झाला होता, माझ्या भावाचा होता तसाच, असं आई सांगायची. मी त्याचं नाव विचारलं. तिने सांगितलं. मी ते एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

"चला, घाला आता," ती म्हणाली. "तुम्ही मोजा, मी घालते."

तिने एकेक घालायचं, मी दोन श्वास थांबायचं, काढायचं, दुसऱ्या पिशवीत टाकायचं. नऊ टोपड्यांपर्यंत पोर झोपलेलं होतं. दहाव्याला जागं झालं, अकराव्याला रडलं. मग दूध, मग ढेकर, मग पुन्हा सुरुवात. सिस्टरांनी अगदी लहान पोरांसाठी केलेली चार टोपडी त्याच्या डोक्यात जाईनात, नुसती वर बसली वाटीसारखी.

"हे लागलं म्हणायचं का?" तिने विचारलं.

"डोक्याला लागलं ना? मग लागलं."

"तुम्ही म्हणताय म्हणजे असेल."

एकतिसावं पोपटी होतं. ते घातलेलं असताना भाऊ आला. गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीवर प्लॅस्टिकचा कागद. तो अंगणात थांबला. मी पोराला मांडीवर तसंच धरून बसले. उठावं की नाही ते कळेना. तो माझ्याकडे न बघता सुनेला म्हणाला, "कोण आलंय?"

"आत्या आल्यात."

"काय काम हाय विचार."

तिने विचारलं नाही, सरळ सांगितलं. तो हातपाय धुता धुता ऐकत होता. मग म्हणाला, "किती झाली विचार तिला."

"एकतीस," मी म्हणाले.

"मी हिला विचारतोय. किती राहिली?"

"सतरा," सून म्हणाली, आणि तोंडावर पदर धरला.

"मग थांबा म्हणावं. पोर दमलंय. माणसाचं डोकं हाय, नारळ नाय." तो आत गेला. आतून आवाज आला, "तिला जेवायला वाढ. सकाळपासनं काय खाल्लं नसंल तिनं."

जेवणात तांदळाची भाकरी आणि अळूचं फदफदं होतं. आम्ही दोघं एका ओळीत बसलो, मध्ये दोन माणसांची जागा सोडून. जेवून तो भिंतीला टेकला, पोराला स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि उरलेली सतरा टोपडी होईपर्यंत त्याचं डोकं तळहातावर तोलून धरलं. शेवटचं निघाल्यावर पोराला सुनेकडे देऊन पुन्हा शेतावर गेला. जाताना "ये" म्हणाला नाही. मीही "येते" म्हणू शकले नाही. जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं की पोराचं तेल माझ्या साडीला लागलंय. ती साडी मी दोन दिवस धुवायला टाकली नाही.

त्यानंतर दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी पोलादपूरला जायला लागले, कधी सिस्टर बरोबर असत. पहिल्या शनिवारची ती म्हातारी केव्हाच घरी गेली होती. पण प्रश्न तोच यायचा: कुणाच्या पोराचं?

"माझ्या भावाच्या नातवाचं," मी सांगायचे. "डोंगरातल्या गावात असतो. चांगला चार किलोचा आहे."

माझ्या भावाच्या, हे शब्द अडीच वर्षांत मी कुणाशी उच्चारले नव्हते. आता शनिवारी तीन-तीनदा, चार-चारदा उच्चारायला मिळत. बायका पुढचं विचारायच्या: रंगाने कसा हाय, रात्री झोपू देतो का. मला जेवढं ठाऊक होतं तेवढंच मी सांगायचे. ते फार नव्हतं.

पहिलंच टोपडं घेणाऱ्या बाईने कमरेची पिशवी सोडली आणि एक रुपया काढला.

"आम्ही पैसे घेत नाही," मी म्हणाले.

"तुला कोण देतंय? त्या पोराच्या हातावर ठेव. एका पोराच्या डोक्यावरचं दुसऱ्याने फुकट घेतलं तर लागत नाय."

तिच्यामागून बाकीच्यांनीही दिले. कुणी एक, कुणी दोन, एका नव्या बापाने पाच. तीन आठवड्यांत चौदा रुपये जमले. ते पैसे माझे नव्हते, तिघींचेही नव्हते. त्या पोराचे होते आणि त्याच्या हातावर ठेवायचे होते. भाचा रोज महाडला कामावर येतो, त्याच्याकडे देता आले असते. पण हातावर ठेव, असं सांगितलं होतं.

मी गेले. भाऊ ओटीवर होता. "काय काम हाय विचार," सुनेला म्हणाला. मी पोराच्या मुठीत चौदा रुपयांतलं एक नाणं दिलं, बाकीची पुढ्यात ठेवली. सुनेने चहा केला. तासाभराने परतले.

गणपतीनंतर एकोणीस रुपये घेऊन गेले. तेव्हा पोर हसायला लागलं होतं. दसऱ्याच्या सुमारास अकरा. खरं सांगायचं तर ते अकरा नेण्याइतके नव्हते, आणखी दोन शनिवार थांबले असते तर एका खेपेत भागलं असतं. मी थांबले नाही. भाऊ आता सुनेमार्फत बोलणं विसरायला लागला होता. मध्येच थेट काहीतरी विचारायचा, मग लक्षात आलं की गप्प व्हायचा. पण बोलावणं कधीच नव्हतं. प्रत्येक वेळी मी कामाला आलेली होते, आणि काम झालं की उठायची होते. दिवाळी आली. भाऊबीजेलाही फोन आला नाही.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी अठ्ठेचाळिसावं टोपडं गेलं. वहिनी म्हणाल्या, अजून लोकर आणू. मी हो म्हटलं, पण पुढची टोपडी कुणाच्या तरी दुसऱ्या पोराच्या डोक्यावरून उतरायची होती. या पोराचं डोकं आता वाढलं होतं. मी घरी पैसे मोजले. सतरा होते. दहाची एक नोट, दोनाची दोन नाणी, एकाची तीन. दुसऱ्यांदाही सतराच.

रविवारी गेले. पोर भावाच्या मांडीवर बसलं होतं, पाठ अजून डुगडुगत होती. मी पैसे पोराच्या पुढ्यात ठेवले. त्याने नोट तोंडात घातली, भावाने ती काढून घेतली.

"किती हायत?" त्याने विचारलं. मला विचारलं.

"सतरा. संपली सगळी टोपडी. हे शेवटचे."

"शेवटचे?"

"हो."

तो काही वेळ नाणी बोटाने सरकवत राहिला. पोर त्यावर हात मारत होतं. मग त्याने सगळी गोळा करून पुन्हा मांडली आणि एकेक मोजली, मोठ्याने, नोट धरून. सोळापाशी थांबला.

"एक कमी हाय."

"सतरा आहेत. मी दोनदा मोजलेत."

"सोळा हायत." त्याची डावी मूठ मिटलेली होती. ती मांडीखाली घालून तो माझ्याकडे बघत होता. अडीच वर्षांत पहिल्यांदा सरळ बघत होता. "पोराचा पैसा हाय. तसाच नाय सोडायचा. पुढच्या रविवारी आणून दे."

सून चुलीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

"बरं," मी म्हणाले. "माझंच चुकलं असेल."

माझ्याकडच्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे: दिले सोळा रुपये, भावाच्या नातवाला, हातावर. येणं नाही, देणं एक रुपया.